पार्बताबाईचं घंगाळ

आमच्या शाळेचे सहा सामूहिक फोटो माझ्याकडे आहेत. दर वर्षी शारदोत्सवाच्या शेवटच्या दिवशी काढलेले. मधल्या खुर्चीवर मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, दोन्ही बाजूंना आम्ही शिक्षिका आणि मोठ्या बाईंच्या पायांपाशी फुलांनी भरलेलं पितळी घंगाळ. फोटो काळे-पांढरे, त्यामुळे फुलं कोणती ते परक्याला कळणार नाही. मला सांगता येतं. एकात कुर्डू आणि काशी गवताचे पांढरे तुरे आहेत, एकात गेंदा, म्हणजे झेंडू, आणि धानाच्या ओंब्या, एकात नुसती बेशरमाची फुलं. घंगाळ सहाही फोटोंत आहे. ते भरणारी पार्बताबाई एकाही फोटोत नाही. शिपाईवर्गाला फोटोत घ्यायची पद्धत नव्हती, आणि तिलाही फोटोपेक्षा घंगाळाची काळजी जास्त. फोटोवाल्याने डोक्यावरचं काळं कापड बाजूला करायच्या आत ती घंगाळ उचलून सावलीत नेई.

"ऊन लागून राहिलं त्याईले," असं म्हणे. "तुमचं काय, तुम्ही छत्री घेऊन घरी जाल."

ती शाळेची शिपाईबाई. घंटा देणं, पाणी भरणं, वर्गावर्गात सूचनेची वही फिरवणं ही तिची कामं. मौद्याकडच्या एका खेड्यातली माळ्याची मुलगी. लग्न होऊन नागपुरात आली. नवरा लकडगंजात लाकडाच्या टालावर होता, तो गेल्यावर शाळेत लागली. सक्करदऱ्याला मुलगा आणि सुनेबरोबर राहत असे. मी शाळेत रुजू झाले तेव्हा मी पंचविशीची होते आणि ती पंचेचाळिशीची असेल, म्हणजे आज मी आहे तेवढी. तरी मी तिला अगं-तुगं करायची आणि ती मला अहो-जाहो. ते तेव्हा कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही.

फुलं हे तिचं काम नव्हतं. ते तिने स्वतःहून ओढून घेतलं होतं. पोळा झाला की तिची नजर जमिनीकडे लागे. सक्करदऱ्याहून ती चालत यायची आणि वाटेत तलावाच्या काठी काशी किती वर आली, रिकाम्या प्लॉटवरचा कुर्डू गुलाबी झाला की अजून हिरवाच आहे, कुणाच्या कुंपणावर गोकर्ण चढली, हे सगळं बघत यायची. घट बसेपर्यंत तिच्या डोक्यात यादी तयार असे. विकतचं फूल ती घ्यायची नाही. तिचा तर्क सरळ होता. "कोणी तोडलं, कवा तोडलं, आपल्याले ठाऊक नाही. मंग त्याचा भरोसा काय?"

घंगाळाच्या तळाशी ती केळीच्या खुंटाचा जाड तुकडा ठेवी आणि त्यात देठ खोचत जाई. देठ कापायला कात्री नाही, घरचा अडकित्ता. कात्री देठ चेंगरते, असं तिचं म्हणणं. पाण्याखाली येणारं एकेक पान काढून टाकी, कारण पान सडलं की पाणी सडतं. मांडणी झाली की चार पावलं मागे जाऊन बघे आणि मग पुढे येऊन एक फूल मुद्दाम वाकडं करी.

चित्रकलेच्या बाईंनी एकदा तिला विचारलं, "छान सरळ होतं की गं. कशाला वाकवलंस?"

"सगळे सरळ उभे राह्यले का शाळेची प्रार्थना वाटते, बाई."

चित्रकलेच्या बाई डिप्लोमा घेतलेल्या होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी शारदोत्सवाला एक मोठे अधिकारी पाहुणे आले होते. भाषणापूर्वी ते टेबलावरच्या फुलांकडे सारखे बघत होते. फिकट जांभळी, मोठ्या कर्ण्यासारखी फुलं. त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं, "कुठल्या नर्सरीतून मागवली?" मोठ्या बाईंना माहीत नव्हतं. पाण्याचा पेला घेऊन पार्बताबाई तिथेच उभी होती. तिने सांगून टाकलं, "नर्सरी नाही साहेब, नाल्यावरचं बेशरम हाये. सक्करदऱ्याच्या नाल्यावर मस्त फुललं."

साहेब हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी सीताबर्डीहून निशिगंधाच्या काड्या मागवल्या आणि टेबलावर त्याच ठेवायला सांगितलं. पार्बताबाईने ठेवल्या. नाल्यावरचं बेशरम स्टेजच्या पायरीवर ठेवलं, जिथून आत येणारा प्रत्येक माणूस जातो. कुणाचा हुकूम मोडला असं म्हणता येईना.

मुलींवर ती डाफरत असे. कुणी बागेतली कळी तोडली की हात धरून उभी करी. "काहून वं, कळी तोडली? तुह्या बापानं पाणी घातलं होतं का तिले?" मुली तिला घाबरत नसत. उलट तिच्याभोवती घोळका असायचा, आणि तो मुख्यतः तिचे हात बघायला.

तिच्या हाताला काटा लागत नाही, ही शाळेतली सर्वमान्य गोष्ट होती. शरदात पिवळी कोरांटी फुलते. कोरांटीला फुलांइतकेच काटे. पार्बताबाई काडी उजव्या हातात धरायची आणि डाव्या हाताच्या मुठीतून सर्रकन खाली ओढायची. काटे, पानं सगळी एका दमात खाली. गुलाबाचंही तसंच. मुली श्वास रोखून बघत.

"पार्बताबाई, टोचत नाही तुम्हाले?"

"माळ्याची पोरगी हाये मी. काटा मले ओळखते."

हे ती अभिमानाने सांगे. हाताला रक्त यायचं, नाही असं नाही. ते ती लुगड्याला पुसून टाकी. एकदा बरंच कापलं तेव्हा मी तिला प्रयोगशाळेत नेऊन आयोडीन लावलं. आयोडीन झोंबतं, नववी-दहावीच्या मुलीसुद्धा ओरडतात. पार्बताबाई खिडकीतून आभाळ बघत होती. पाऊस आला तर काशीचे तुरे झडतील, ही तिची काळजी. मी स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलं की सोशिकपणा शिकावा तर हिच्याकडून.

मी शाळेत विज्ञान शिकवायची. नववीला आरोग्याचा एक धडा होता, त्यात कुष्ठरोगाची लक्षणं. त्वचेवर फिकट चट्टा, तिथे स्पर्श कळत नाही, ऊन-थंड कळत नाही, टोचलेलं कळत नाही. हा धडा मी दर वर्षी शिकवला. दर वर्षी तो नेमका नवरात्राच्या आधी येई, आणि माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर व्हरांड्यात बसून पार्बताबाई कोरांटी सोलत असे. मी फळ्यावर लिहीत होते आणि ती दहा फुटांवर रक्त पुसत होती. सहा वर्षं मी ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत. मला कुणी हुशार म्हटलं की मी विषय बदलते.

सातव्या वर्षी, शारदा बसायच्या आदल्या दिवशी दुपारी, ती नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेत आली. "बाई, तुमचा दिवा द्या." स्पिरिटचा दिवा तिला बेशरमासाठी लागे. बेशरमाच्या देठातून चीक येतो. चीक गळत राहिला की फूल दुपारपर्यंत मान टाकतं. देठाचं तोंड क्षणभर जाळावर धरलं की चीक बंद होतो आणि फूल दिवसभर टिकतं. नाल्यावरचं फूल टेबलावर उभं राहायचं ते ह्या कसबामुळे. पाच-सहा काड्यांची जुडी डाव्या हातात धरून ती एकेक तोंड जाळावर फिरवत होती. मी वह्या तपासत होते.

वास आला. दर वर्षी चिकाचा वास यायचा, तोच असेल म्हणून मी वर बघितलं नाही. मग कळलं की हा चिकाचा नाही.

"पार्बताबाई, बोट जळतंय!"

तिने हातातल्या काड्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "कोणाचं?" म्हणाली.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याजवळचं बोट जाळात होतं. मी दिवा विझवला. ती बोटांकडे बघत राहिली, दुसऱ्याची एखादी वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी तशी.

मी तिला स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि कंपासपेटीतली टाचणी घेतली. म्हटलं, लागलं की सांग. ती डोळे मिटून शहाण्यासारखी बसली. बाहेर मुली शारदेचं गाणं बसवत होत्या. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सुरू करा ना, बाई."

माझं चार वेळा टोचून झालं होतं.

तेव्हा तिने आपणहून पोलक्याची बाही वर केली. कोपराच्या वर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. "हा जुना हाये. दुखत नाही काही. दुखला असता तं दाखवला असता."

मी तिला रोगाचं नाव सांगितलं. गोलगोल बोलायची मला सवय नाही. तिने मग उरलेल्या काड्या उचलून पाण्याच्या बादलीत ठेवल्या आणि म्हणाली, "बाई, मोठ्या बाईले सांगू नका."

"औषध आहे त्यावर. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं."

"घेते ना औषध. तुम्ही म्हणाल तिथं येते. पन सांगू नका. लोकाईले रोग नाही समजत, नाव समजते. मले शाळेतून काढलं तं माहा पोरगा मले घरात ठेवन का?"

मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. बहुतेक म्हटलं, आधी दवाखान्यात तर जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने गेलो. डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. त्यांनी सगळं तपासलं आणि मला म्हणाले की हा प्रकार संसर्गाचा नाही, हिच्यापासून कुणाला काही होणार नाही. गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतील, हात जपावे लागतील, दर बुधवारी दाखवायला यावं लागेल. काम करायला हरकत नाही. मी म्हटलं, हे लिहून द्या. त्यांनी दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलं, शिक्का मारला. पार्बताबाई दारातल्या बाकावर बसून होती. परतताना रिक्षात तिने एवढंच विचारलं, "गेंद्याले पाणी मारलं असन का कोणी?"

ते दोन दिवस मी विचार केला. दर बुधवारी ती गैरहजर राहिली तर कुणीतरी विचारणार. मग कळणार, आणि लपवलं असं होणार. त्यापेक्षा आधीच, रीतसर, प्रमाणपत्रासह सांगितलेलं बरं. माझं सगळं आयुष्य कागदांवर उभं राहिलं होतं. मॅट्रिकचा कागद, बीएस्सीचा, बीटीचा. दाखवला की दार उघडायचं. पार्बताबाईकडे जन्मात पहिला कागद आला होता आणि तो तिच्या बाजूचा होता. तो वापरायचा नाही, हे मला पटेना. तिला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला माहीत होतं.

उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. दोन गरीब मुलींची फी त्या स्वतः भरत. त्यांनी कागद पूर्ण वाचला आणि खुर्ची मागे सरकवली. टेबलावर पेल्यात चार शेवंतीची फुलं होती, त्यांच्यापासून मागे.

"मुलींच्या डोक्यात तिने केलेल्या फुलांच्या वेण्या आहेत," त्या म्हणाल्या.

"संसर्गजन्य नाही, बाई. खाली लिहिलंय."

"खाली कोण वाचतं? पालक वाचणार आहेत का खाली?"

  ह्या बाबतीत त्या आणि पार्बताबाई दोघींना जे माहीत होतं ते एकट्या मलाच माहीत नव्हतं.

मधल्या सुट्टीपर्यंत सगळं झालं. मुलींच्या वेण्या काढून घेतल्या. दोन झाडूवाले आले, त्यांनी नाकावर फडकं बांधलं होतं. सभागृहातली फुलं, दारावरची तोरणं, शारदेच्या पायऱ्यांवरचं सगळं त्यांनी लोखंडी चिमट्यांनी टोपल्यांत भरलं. घंगाळ आडवं करून रिकामं केलं. केळीचा खुंट फोडून काढला. जमिनीवर फिनाईल ओतलं. ढीग शाळेच्या मागे मैदानात घातला. मुली खिडक्यांत उभ्या होत्या आणि त्यांना कुणी हटकत नव्हतं.

पार्बताबाईला कडुनिंबाखाली उभं राहायला सांगितलं होतं, पुढे यायचं नाही म्हणून. तिच्या हातात तिची पिशवी होती. झाडूवाल्यांनी काडी लावली. ढीग पेटेना. आदल्या संध्याकाळीच तिने त्या फुलांवर पाणी मारलं होतं. दुसरी काडी, तिसरी काडी, नुसता धूर. झाडूवाला शिव्या देऊ लागला.

तेव्हा पार्बताबाई झाडाखालून म्हणाली, "ओला हाये तो गेंदा. असा नाही जळत. घासलेट टाक गा वरून."

त्याने टाकलं. मग पेटला.

तो नीट पेटेपर्यंत ती थांबली आणि मग फाटकाकडे निघाली. माझ्यासमोरून गेली.  तिने पदर सारखा केला आणि चालत राहिली. त्या वर्षी फोटो काढला नाही.

तिने राजीनामा दिला असं रजिस्टरात लिहिलं गेलं. मी संस्थेकडे दोन अर्ज केले, डॉक्टरांच्या कागदाची नक्कल जोडून. उत्तर आलं नाही. तिसरा अर्ज केला नाही. त्या वर्षी पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी माझं नाव होतं. हे लिहायला नको होतं, पण मग बाकीचं कशाला लिहायचं?

सक्करदऱ्याला बातमी तिच्या आधीच पोचली होती. सुनेने तिची थाळी वेगळी केली, मग अंथरूण बाहेर पडवीत घातलं. दिवाळीआधी मुलगा तिला गावाबाहेरच्या कुष्ठधामात सोडून आला. मी दोनदा पोस्टकार्ड टाकलं. तिला वाचता येत नव्हतं. कुणाकडून वाचून घेतलं असेल तर उत्तर द्यावंसं वाटलं नसेल.

सात वर्षांनी एका लग्नात ते डॉक्टर भेटले. त्यांनीच ओळख दिली. म्हणाले, तुमची पेशंट बरी होऊन तीन वर्षं झाली. कागदोपत्री रोगमुक्त. जायला मोकळी आहे, पण न्यायला कुणी येत नाही, आणि मुलाने घर बदललं. हातांचं मात्र जे व्हायचं ते होऊन गेलं. अशा भाजलेल्या बोटांना फार उशीर झालेला असतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या सासऱ्यांची सिव्हिल लाइन्सकडे रोपवाटिका होती. त्यांना फुलझाडांतली जाणती बाई हवी होती, रोपांवर देखरेख करायला. राहायला मागे खोलीही होती. मी बोलून ठेवलं आणि कोजागिरी झाल्यावर एका रविवारी बसने कुष्ठधामात गेले.

जेवणघराच्या ओट्यावर पार्बताबाई बसली होती. पुढे डालड्याचा रिकामा डबा, त्यात ओली माती, बाजूला कुर्डूची जुडी. केस पांढरे झाले होते. दोन्ही हातांची बोटं आत वळून आखडली होती, डाव्या हाताची दोन अर्धीच उरली होती. तिने मला लगेच ओळखलं.

"या बाई. त्या बाजेवर बसा. धुतलेली हाये."

मी ओट्यावर तिच्याजवळ बसले. तिने शाळेची चौकशी केली. मोठ्या बाई निवृत्त झाल्याचं मी सांगितलं.

"शारदा बसते का?"

"बसते."

"फुलं कोन करते?"

"कागदाची असतात आता. वर विजेच्या माळा."

"बरं हाये," ती म्हणाली. "झटकलं का झालं."

मग मी कामाचं सांगितलं. रोपांचं काम, हाताने फारसं करायचं नाही, माणसांकडून करून घ्यायचं. खोली आहे, पाणी आहे, माणसं चांगली आहेत. ती लक्ष देऊन ऐकत होती. रोपं कशाकशाची, तेही विचारलं. शेवंती आणि गेंदा म्हटल्यावर मान हलवली. मला वाटलं, जमलं.

"त्याईले सांगतलं का, माह्याबद्दल?"

"नाही."

"काहून?"

"काय गरज आहे? तू बरी झालीस. हाताला काय झालं विचारलं तर भाजलं म्हणून सांग. खोटंही नाही ते. आणि उगाच सांगितलं तर..."

मी तिथेच थांबले.

पार्बताबाई माझ्याकडे बघत होती. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. घड्याळात किती वाजले विचारावं तसं तिने विचारलं.

"आता नाही सांगतलं. मंग तवा काहून सांगतलं, बाई?"

माझ्याकडे उत्तरं होती. बुधवार होता, रजेचा नियम होता, शिक्क्याचा कागद होता. सात वर्षं मी ती स्वतःला देत आले होते.  मी म्हटलं, साडेचारची बस आहे.

"हो, निघा. त्याच्यानंतर बस नाही. त्या लोकाईले म्हणा, दुसरी बाई पाहा." आणि मग थोडं थांबून, "पोरगी पाहा म्हणा, हातपाय धड असलेली. गेंद्याले मेहनत लागते."

मी उठले. फाटकाशी पोचल्यावर मागे बघितलं. दोन्ही मनगटांमध्ये कुर्डूची एक काडी धरून ती डब्यातल्या मातीत रोवत होती. बोटांशिवाय जोर लागत नव्हता. काडी कलंडली आणि ओट्याखाली पडली. ती वाकली, मनगटांनी चाचपत ती उचलली आणि पुन्हा डब्यावर धरली. बसचा हॉर्न ऐकू आला म्हणून मी रस्त्याकडे वळले.